सुती कातरण वेगळं ठेवा, आमची फाटकी मसोती अजून चालतील

माननीय संपादक साहेब,

स. न. वि. वि.

तुमच्या पेपरातली पत्रं मी रोज वाचते. रस्ते, पाणी, बस, लाईट, सगळ्यावर लोक लिहितात आणि लिहायलाच पाहिजे. मला लिहायचंय ते स्वयंपाकघरातल्या फडक्यांवर. हा काय पेपरात छापायचा विषय असं कुणी म्हणेल, पण घराघरात रोज वीस वेळा हातात येणारी वस्तू आहे ती, आणि आपल्या बेळगाव भागात ती बायकांनी हाताने शिवलेली, विणलेली असते, अजून असते, म्हणून लिहितेय.

मी मूळची खानापूर तालुक्यातली, लग्न होऊन शहापुरात आले. मागच्या महिन्यात सकाळी कचऱ्याची गाडी गल्लीत आली तेव्हा पुढच्या घराच्या पिशवीतून एक क्रोशाचा रुमाल बाहेर लोंबत होता, ताटावर झाकायचा असतो ना तसा, कडेला बारीक मणी आणि मधे अननसाचं डिझाईन. मी विचारलं हे का टाकताय, तर म्हणाल्या फाटलाय हो, मधेच भोक पडलंय, कोण वापरणार. भोक होतं तळहाताएवढं, बाकी सगळी वीण एकदम घट्ट होती. असा रुमाल विणायला रोज दुपारी तास दीड तास बसलं तरी महिना सहज जातो. आणि तो बहुतेक कुणाच्यातरी रुखवतातला असणार, म्हणजे लग्नात चार लोकांनी हातात घेऊन बघितलेला, विचारून घेतलेला, की हे कुणी केलं. मी तो मागून घेतला आणि घरी आणला.

माझ्या सासूबाईंनी तो बघितला आणि पहिलं वाक्य काय बोलल्या तर "धुवालीस काय लगेच? थांब की, आदी फंदे धर." म्हणजे सुटलेले फंदे आधी पकडायचे. हे मला खरंच माहीत नव्हतं, मी सरळ बादलीत भिजवणार होते. धुताना पाण्याच्या वजनाने आणि चोळण्याने सुटलेले फंदे अजून सुटत जातात आणि भोक दुप्पट होतं, म्हणून सुटलेल्या प्रत्येक फंद्यात सेफ्टी पिन किंवा वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवायचा आणि मग हलक्या हाताने धुवायचं. त्या भोकाला आम्ही पाठीमागून मलमलचा गोल तुकडा लावला. रुमाल जुना होऊन सायीच्या रंगाचा झालेला, त्यावर पांढरी मलमल डोळ्यात खुपली असती, म्हणून चहापूड उकळून गाळून त्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून मलमल बुडवली. ओली असताना जेवढा रंग दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर फिका होतो, म्हणून पाहिजे त्यापेक्षा थोडा गडद ठेवूनच काढायची. नंतर भोकाच्या कडेचा एकेक फंदा त्या मलमलवर बारीक तुरपून घेतला, दोन दुपारी गेल्या. आता तो रुमाल आमच्या दह्याच्या भांड्यावर असतो. ज्यांनी टाकला त्यांना नेऊन दाखवला तर त्या बराच वेळ हातात घेऊन बसल्या, पण परत नको म्हणाल्या, तुमच्याकडंच राहू दे म्हणाल्या.

त्यानंतर मला घरातल्याच वस्तू वेगळ्या दिसायला लागल्या. आमच्याकडे गरम पातेलं उतरवायचं एक जाड मसोतं आहे, चौकोनी, हाताएवढं, मधे जळून झिजून पातळ झालेलं. ते दुरुस्त करायला म्हणून मी शिवण उसवली, तर आत थरावर थर निघत गेले. वरचा थर सासऱ्यांच्या धोतराचा, त्याच्याखाली मैद्याच्या पोत्याचं कापड ज्यावरची निळी अक्षरं अजून पुसट दिसत होती, त्याच्याखाली इरकलीच्या अंगाचा तुकडा, आणि सगळ्यात आत एक काळं मऊ सुती कापड. सासूबाईंनी ते बोटाने चाचपलं आणि म्हणाल्या ही माझ्या सासूची चंद्रकळा. म्हणजे त्या बाईंचं लुगडं जुनं झालं, त्याचं मसोतं झालं, मसोतं झिजलं की त्याच्यावर अजून एक थर, परत झिजलं की अजून एक, आणि कुणीही जुना थर फेकला नाही, त्याच्यावरच शिवत गेले. मला घरात येऊन सत्तावीस वर्षं झाली, रोज तेच मसोतं हातात, आणि आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. आम्ही चंद्रकळा परत आतच ठेवली आणि वरून दोन नवीन थर चढवले.

आता खरा मुद्दा. ठिगळ लावायचं ठरवलं तर कापड कुठलं लावायचं यात चूक झाली की फार वाईट होतं, आणि ती चूक मी स्वतः केली आहे म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी एका मसोत्याला मी ब्लाउजचा उरलेला खणाचा तुकडा लावला. खण म्हणजे सुती किंवा रेशमी असणार, गुळेदगुड्डचा खण आपण लहानपणापासून बघत आलो, त्यामुळे मनात शंकाच आली नाही. पण हल्ली खणाच्या नावाने सिंथेटिक पण येतं आणि ते दिसायला अगदी तसंच असतं. माझ्या धाकट्या लेकीने तापलेला रिकामा तवा त्या मसोत्याने उचलला आणि ठिगळ वितळून तव्याला आणि तिच्या दोन बोटांना चिकटलं. पॉलिस्टर साधारण २५० ते २६० डिग्रीला वितळतं आणि मोठ्या आचेवरचा रिकामा तवा तिथपर्यंत सहज पोचतो. सुती कापड त्या तापाला करपतं, काळं पडतं, पण वितळून कातडीला चिकटत नाही. तिचा हात आम्ही २० मिनिटं नळाच्या चालू पाण्याखाली धरला, टूथपेस्ट वगैरे काही लावलं नाही, आणि मग डॉक्टरकडे नेलं. बोटं बरी झाली, पण एका बोटावर डाग अजून आहे.

तेव्हापासून मी कुठलंही कापड लावायच्या आधी कडेचे चार धागे ओढून जाळून बघते. स्टीलच्या ताटलीत, बाजूला पाण्याचा तांब्या ठेवून, चिमट्यात धरून. सुती धागा कागदासारखा जळतो, वास पण जळक्या कागदाचाच, आणि राख बोटात धरली की मऊ भुरभुरीत. रेशमाला आणि लोकरीला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर जळताना आक्रसून वितळतं, प्लॅस्टिकसारखा वास येतो आणि शेवटी कडक काळा मणी राहतो. टेरीकॉटमध्ये दोन्ही असतं, थोडी राख थोडा कडक गोळा, ते पण गरम भांड्याच्या कामाला नको. आणि जळकी परीक्षा करायची नसेल तर धुतलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाकून बघा, सुती लगेच पितं आणि सिंथेटिकवर बराच वेळ थेंब तसाच बसून राहतो. ही थेंबाची परीक्षा तेवढी पक्की नाही, पण हात पुसायच्या फडक्याला जे पाणी पीत नाही ते लावून उपयोगच काय. अजून एक गोष्ट, मसोतं ओलं असेल तर कितीही जाड असू दे, गरम भांडं धरायचं नाही, ओल्या कापडातून ताप एकदम आरपार येतो आणि वाफेने हात भाजतो. हे आमच्या घरात आता लहानांना पण पाठ आहे.

ठिगळ लावायची पद्धत मी सासूबाईंकडून शिकले आणि थोडी वडगावातल्या एका बाईंकडून, त्यांच्या घरात माग होता. त्या म्हणायच्या ताणा ताण्याला आणि बाणा बाण्याला जुळव, म्हणजे मूळ कापडाचा उभा धागा आणि ठिगळाचा उभा धागा एका दिशेला पाहिजे, तिरकं लावलं तर दोन धुण्यात ते एकीकडे ओढायला लागतं. ठिगळाचं कापड नवीन असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून खळ काढून वाळवून घ्यायचं, नाहीतर ते नंतर आकसतं आणि जुन्या कापडाला चुण्या पडतात. रंग जातो का ते बघायला ओल्या पांढऱ्या चिंधीने घासून बघायचं. मग फाटलेलं कापड खिडकीच्या उजेडासमोर धरायचं. भोक दिसतं एवढंसं, पण त्याच्या आजूबाजूचं कापड किती विरलंय ते उजेडातच कळतं, आणि ठिगळ त्या विरलेल्या भागाच्या पलीकडे, जिथं कापड अजून दमाचं आहे तिथपर्यंत जायला पाहिजे. भोकाच्या मापाचं ठिगळ लावलं की ते विरलेल्या कडेवरच शिवलं जातं आणि महिन्यात ठिगळासकट फाटतं, आणि मग लोक म्हणतात ठिगळ टिकतच नाही. कोपरे गोल कापायचे, टोकदार कोपरा सगळ्यात आधी सुटतो. कडा आत दुमडून आधी लांब कच्चा टाका आणि मग बारीक तुरपाई, वरून दोन-तीन धावदोऱ्याच्या ओळी घातल्या की दोन्ही कापडं एकजीव होतात.

मशीनवर का नाही असं मुली विचारतात. नवीन कापडाला मशीन चांगलंच आहे, पण विरलेल्या कापडावर मशीनचे जवळजवळ पडलेले टाके म्हणजे टपालाच्या तिकिटाला भोकं पाडल्यासारखं होतं, तिथूनच सरळ रेषेत टरकतं. मी एकदा भाकरीच्या बुट्टीतलं फडकं एके ठिकाणी शिवायला दिलेलं, त्यांनी कडक कापड लावून मशीनने चारी बाजूंनी डबल शिलाई मारून दिली, दिसायला छान होतं आणि पंधरा दिवसात चारी बाजूंनी फाटून ठिगळ हातात आलं. दोरा पण सुतीच घ्यायचा. पॉलिस्टरचा दोरा कापडापेक्षा दमाचा असतो, तो स्वतः तुटत नाही आणि जुन्या कापडाला कापत जातो, आणि मसोत्यात असला तर तापाने तो पण वितळतो. दोरा कोपरापासून बोटापर्यंत एवढाच घ्यायचा, मेणबत्तीवरून एकदा ओढला की गुंता होत नाही.

प्रत्येक वस्तूला एकच ठिगळ चालत नाही हे पण लिहिते. भाकरीच्या बुट्टीतल्या फडक्याला एकेरी आणि मऊच कापड पाहिजे, मलमल किंवा धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर. तिथं जाड ठिगळ लावलं की ते वाफ धरून ठेवतं आणि बरोबर त्या जागेची भाकरी ओली होते. दळणाची पिशवी नेहमी खालच्या दोन कोपऱ्यात जाते, तिला आतून नाही, बाहेरून जाड ठिगळ, म्हणजे पीठ शिवणीत अडकत नाही. पाणी, ताक गाळायच्या फडक्याला मात्र ठिगळ लावूच नये, गाळणं फाटलं की त्याचं दुसरं काहीतरी करावं. आणि कापड दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढलं आणि नुसतं तेवढ्यावर फाटलं तर त्याचा जीव गेलाय, त्याच्यावर दुपारी घालवू नका, मसोत्याच्या आतल्या थरात भरा किंवा पायपुसणं करा. सगळंच वाचवायचं असं माझं म्हणणं नाही.

डागांचं काय, हे शेजारच्या सुना नेहमी विचारतात. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि बायका घाबरतात, कुंकू सांडलं की काय. हळदीचा गुणच आहे तो, साबणातल्या खाराने लाल होते. धुऊन कडक उन्हात घाला, दोन-तीन उन्हात हळदीचा रंग आपोआप उडतो. तेलकट चिकट झालेली फडकी धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात तासभर ठेवायची. ब्लीच शक्यतो नको, त्याने सुती धागा कुजल्यासारखा होतो, डाग जातो आणि पुढच्या महिन्यात कापडच जातं, आणि ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं लिक्विड असलं काही कधीच मिसळू नका, विषारी गॅस होतो. रंगीत इरकलीचे तुकडे असतील तर रिठ्याच्या पाण्यात. पावसाळ्यात आमच्या माहेराकडे, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, आठ आठ दिवस ऊन नसतं आणि फडक्यांवर काळे बुरशीचे ठिपके पडतात. तिथं आई चुलीच्या वर दोरी बांधून रोज रात्री फडकी वाळवायची. आता गॅस आला, ती दोरी गेली, पण ओलं फडकं गोळा करून ओट्यावर ठेवायचं नाही एवढं तरी पाळता येतं. आणि एवढं करूनही जो डाग गेला नाही त्याच्यावर एक ठिगळ लावा, भोक नसलं तरी. पानाच्या आकाराचं लावा, मुलांना कापायला द्या.

ठिगळाची लाज आपल्याला कधीपासून वाटायला लागली मला माहीत नाही. आमच्या दारात वाकळा शिवायला एक कन्नड आजी यायच्या, त्या कौदी म्हणायच्या आणि ठिगळाला तेपे म्हणायच्या. सासूबाईंना कन्नड येत नाही, त्यांना मराठी येत नव्हतं, आणि दोघी अख्खी दुपार एका वाकळेच्या दोन टोकांना बसून शिवायच्या, बोटाने दाखवायच्या आणि हसायच्या. आणि हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायका ज्या कवंदी, म्हणजे वाकळाच, शिवतात त्या तर कडेपासून सुरू करून गोल गोल आत मध्यापर्यंत शिवत नेतात, आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचा फुला लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. ते जुन्या कपड्यांचंच काम आहे, ठिगळच आहे सगळं, आणि लोक लांबून येऊन विकत घेतात. मग आपल्या स्वयंपाकघरातलं ठिगळ पाहुणे आले की कपाटात का लपवायचं? मी आता लपवत नाही. उलट ठिगळ मुद्दाम वेगळ्या रंगाचं लावते, लाल अस्तराचं, हिरव्या परकराचं.

आता विनंती, जिच्यासाठी हे एवढं लांब पत्र लिहिलंय. ठिगळाला कापड लागतं आणि ते आपल्या बेळगावात रोज पोत्यांनी फेकलं जातं. शिंप्यांच्या दुकानात ब्लाउज, परकर, ड्रेस शिवून झाले की कातरण एकाच पोत्यात जातं, सुती आणि सिंथेटिक सगळं एकत्र. एकदा ते मिसळलं की आमच्यासारखीने प्रत्येक तुकडा जाळून बघत बसायचं, कोण बसणार? पण कापतानाच टेलरला माहीत असतं हातात काय आहे. ब्लाउजच्या अस्तराचं कातरण बहुतेक सुती असतं, परकराच्या पॉपलिनचं पण, मांजरपाटाचं तर असतंच. तेवढं फक्त दुसऱ्या पिशवीत टाकायचं, बाकी काही नको. मी आमच्या गल्लीतल्या दोन टेलरांना विचारलं, एकाने लगेच हो म्हटलं आणि दुकानात खिळ्याला एक जुनी पिशवी अडकवली. तीन आठवड्यात ती दोनदा भरली. त्यातून आम्ही पाच घरांनी मसोती केली, एका घरात भाकरीची फडकी झाली आणि तरी उरलं. दुसरे म्हणाले गर्दीत कोण वेगळं करणार, त्यांचं पण खरं आहे, म्हणून मी त्यांना पिशवी शिवून देणार आहे, टेबलाच्या कडेला अडकवायची, म्हणजे हात वळवला की पडलं.

खडेबाजारात, गणपत गल्लीत, वडगावात, खानापूर, निपाणी, चिकोडीला किती टेलर आहेत. तुम्ही ही विनंती छापली तर त्यातले थोडे तरी वाचतील, किंवा त्यांच्या घरातल्या बायका वाचतील आणि सांगतील. तुमच्या महिला पुरवणीत दर आठवड्याला रेसिपी येते तशी एक दुरुस्ती द्या, एकदा क्रोशाचं भोक, एकदा पिशवीचा कोपरा, चित्र काढून. ज्यांना येतं त्या आज्जी अजून आहेत, त्यांना विचारून लिहा. गावोगावच्या महिला मंडळांनी हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे वाटण्यापेक्षा असं एखादं मसोतं वाटलं तर मला वैयक्तिक फार आनंद होईल.

आणि साहेब, जागेची अडचण असेल तर बाकीचं कापा, पण जाळून बघायची परीक्षा आणि टेलरांची विनंती एवढं तरी ठेवा, आणि शक्य झालं तर दिवाळीच्या आधी छापा. दिवाळीच्या शिलाईला एकदा सुरुवात झाली की सगळ्यात जास्त कातरण तेव्हाच निघतं आणि ते महिनाभरात गाडीत गेलेलं असतं.

आपली,
एक वाचक, शहापूर, बेळगाव